टोपणावरचा गुलाब

बँकेतून रिटायर झाल्यापासून माझ्या मावसभावाला, म्हणजे आमच्या दादाला, कोडी घालायचा नाद लागलाय. साधा प्रश्न विचारेल तर दादा कसला, त्याला यमक लागतं, उखाण्याचा ठेका लागतो, आणि वर अट अशी की गुगल करायचं नाही, आपल्या डोक्यात जे आहे तेवढ्यावरच सोडवायचं. बहुतेक कोडी क्रिकेट नाहीतर जुन्या हिंदी गाण्यांवरची असतात, त्यामुळे मी त्या वाटेला जात नाही. पण एकदा त्याने खास माझ्यासाठी म्हणून हे पाठवलं, कारण माझी सगळी नोकरी बाटल्या-डब्यांची लेबलं डिझाइन करण्यात गेली हे त्याला माहीत आहे:

लाल फीत माझ्या गळ्याला, लाल फीत त्याच्या कोटाला,
मी माहेरची जर्मन, तो पूर्वेचा, आला फ्रान्सच्या वाटेला,
त्याने माळलं डोक्यावर फूल, मी त्याला दिली भिंत,
दोघं झालो फ्रेंच शेवटी, सांगा नाव, करू नका खंत.

खाली हिंट, 'ती' एक शॅम्पेन आहे आणि 'तो' एक नावाजलेला चित्रकार. बस. यमक वाईट आहे हे मी त्याला तेव्हाच कळवलं, पण कोडं मात्र चांगलं होतं. चार ओळींत सहा धागे, आणि एकेक धागा वेगवेगळ्या माणसाकडे नेणारा.

शॅम्पेन आणि चित्रकार म्हटलं की आमच्या धंद्यातल्या माणसाला पहिल्यांदा आठवतो तो बोनार. पिएर बोनार, वकिलीचं शिक्षण घेतलेला पोरगा, त्याने 'फ्रान्स-शॅम्पेन' नावाच्या ब्रँडचं पोस्टर केलं, पिवळ्या रंगावर हातात ग्लास धरलेली हसरी बाई आणि ग्लासातून उतू जाणारा फेस, तो फेस जवळजवळ अर्धं पोस्टर खातो. 1891 मध्ये ते पॅरिसच्या भिंतींवर लागलं. पण बोनार पूर्वेचा नाही, आणि त्या शॅम्पेनचं माहेर-सासर काही कोड्याला जुळत नाही, म्हणजे तो बाद. मग आल्फोन्स मुखा. हा मोराव्हियाचा, म्हणजे पॅरिसवरून बघितलं तर पूर्वेकडचाच की, आणि मोएत ए शाँदाँ, रुइनार या दोन्ही शॅम्पेन घराण्यांसाठी त्याने कामं केलीत, त्या लांबलचक केसांच्या, फुलं माळलेल्या बायका, त्याच त्या, ज्यांच्या नकला आजही साबणाच्या खोक्यांवर दिसतात. पण मुखा शेवटी प्रागला परत गेला, आपल्या स्लाव्ह लोकांची प्रचंड चित्रं काढत बसला, फ्रेंच व्हायचा प्रश्नच नव्हता. शिवाय मोएत काही जर्मन घराणं नाही.

फुलाचा धागा घेतला तर सरळ एमिल गालेकडे जातो. काचकामातला बाप माणूस, नान्सी गावचा. 1902 मध्ये त्याने पेरिए-जुए या घराण्यासाठी बाटलीवर पांढरी फुलं रंगवून दिली, इनॅमलमध्ये, वेलीसारखी वळत वर चढणारी. त्या बाटल्या तळघरात पडून राहिल्या आणि 1960 च्या दशकात पुन्हा सापडल्या, आज त्याच फुलांवर त्यांची सगळ्यात महागडी शॅम्पेन विकली जाते. इथे दादाने मला चांगलं चकवलं असतं, कारण ती फुलं आहेत जपानी अ‍ॅनिमोन. पूर्वेचं फूल! पण कोड्यात फूल पूर्वेचं नाहीये, माणूस पूर्वेचा आहे. आणि फूल अंगावर नाहीये, डोक्यावर आहे. दादा बँकेतला माणूस, सही जिथे हवी तिथेच मागणार, शब्द उगाच टाकणार नाही.

म्हणून मग मी दुसऱ्या टोकाकडून धरलं. माहेरची जर्मन कोण? इथे गंमत अशी आहे की शॅम्पेनची अर्धी मोठी नावं जर्मन आहेत. क्रुग हा माइन्झचा, बोलिंजर व्युर्टेमबर्गचा, डॉइट्झ आखेनचा, हायडसिक वेस्टफालियाचा. अठराव्या शतकाच्या अखेरीला आणि एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पोरं कारकून म्हणून, फिरते विक्रेते म्हणून शॅम्पेनच्या मुलुखात, रँस आणि एपर्ने भागात आली, त्यांना हिशेब यायचा, दोन-तीन भाषा यायच्या, रशिया-प्रशियात गिऱ्हाईक गाठायची हिंमत होती, मग कुणी मालकाचा भागीदार झाला, कुणी मालकाच्या घरातली मुलगी केली, आणि बघता बघता पाटीवर नाव चढलं. म्हणजे जर्मन म्हटल्याने यादी लहान होत नाही. पण लाल फीत म्हटल्यावर होते. गळ्यात तिरकी लाल फीत असलेली एकच आहे, मम. तिचं 'कॉर्दाँ रूज' हे नावच लाल फितीचं. ज्यांनी कधी शॅम्पेन प्यायली नाही त्यांनीही ती बघितलेली असते, कारण फॉर्म्युला वनमध्ये जिंकणारे ड्रायव्हर बरीच वर्षं एकमेकांच्या अंगावर उडवायचे ती हीच.

मम मंडळी राइनकाठची, वाईनच्या व्यापारातली, 1827 मध्ये रँसला त्यांनी कंपनी काढली. 1870 च्या दशकात त्यांच्या डोक्यात आलं की आपल्या बड्या गिऱ्हाइकांचा मान म्हणून बाटलीच्या गळ्यात रेशमी लाल फीत बांधायची, 'लेजियों दॉनर' या फ्रान्सच्या सगळ्यात मोठ्या सन्मानाच्या पट्ट्यासारखी. नंतर रेशीम गेलं, कागदावर छापलेली फीत आली. एक डिझायनर म्हणून सांगते, हा पॅकेजिंगच्या इतिहासातला फार धूर्त डाव आहे. जर्मन माणसाने फ्रान्सचं पदक बाटलीला घातलं, आणि जो विकत घेईल त्याला वाटणार की पदक आपल्यालाच मिळालं.

आता कोटाला लाल फीत म्हणजे लेजियों दॉनर मिळालेला, पूर्वेकडून आलेला, पुढे फ्रेंच नागरिक झालेला चित्रकार. एवढं झाल्यावर नाव यायला वेळ लागला नाही. फुजिता.

त्सुगुहारू फुजिता. 1886 मध्ये टोकियोत जन्मला, बाप सैन्यात डॉक्टर, मोठ्या हुद्द्यावरचा. 1913 मध्ये पॅरिसला पोचला आणि माँपार्नास या चित्रकारांच्या वस्तीत मोदिल्यानी, सुतीन वगैरे चित्रकार मंडळींच्या शेजारात राहायला लागला. त्याचा फोटो एकदा बघितला की विसरता येत नाही, कपाळावर सरळ रेषेत कापलेली झुलपं, काळा गोल चष्मा, कानात बाळी, आणि बहुतेक वेळा मांडीवर नाहीतर खांद्यावर मांजर. कपडे स्वतः शिवायचा. माणूस स्वतःच एक लेबल होता म्हणा ना, लांबून ओळखू येणारं. काही लोक त्याला यावरून नाटकी म्हणतात, असेलही, पण परक्या शहरात हजारो चित्रकारांच्या गर्दीत उभं राहायचं तर कुणीतरी आपल्याकडे वळून बघायला हवं हे त्याला कळत होतं, आणि लोक वळून बघायला लागल्यावर दाखवायला त्याच्याकडे काम होतं.

कामाबद्दल थोडं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण मला त्याच्यात खरा रस आहे तो पांढऱ्या रंगामुळे. 1920 च्या दशकात त्याच्या न्यूड चित्रांनी पॅरिस गाजवलं. 1922 मधलं किकी या तिथल्या प्रसिद्ध मॉडेलचं चित्र, पलंगावर आडवी, मागे छापील कापडाचा पडदा, बघून लोक वेडे झाले, आणि वेडे झाले ते तिच्यापेक्षा तिच्या कातडीच्या रंगावर. दुधाच्या सायीसारखा, हस्तिदंतासारखा, किंचित चमक असलेला पांढरा, आणि त्यावर केसाइतकी बारीक काळी रेघ, न तुटता खांद्यापासून टाचेपर्यंत गेलेली. ज्याने कधी ऑइलवर काम केलंय त्याला हे अशक्य वाटेल, कारण ती रेघ जपानी शाईची आहे, पाण्यातली, आणि तेलावर पाणी थांबत नाही, ओघळतं, थेंब होऊन बसतं. फुजिता ही युक्ती कुणाला सांगायचा नाही. पुढे कितीतरी वर्षांनी चित्रांची तपासणी झाली तेव्हा त्यात टाल्क सापडलं. टाल्क म्हणजे बाळाच्या अंगाला लावायची पावडर! त्याच्या स्टुडिओच्या एका जुन्या फोटोत पावडरचा डबासुद्धा दिसतो. पांढऱ्या रंगात पावडर मिसळून, वरून पावडर चोळून तो तेलाचा चिकटपणा मारायचा, मग शाई बसायची. पॅरिसच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात टांगलेल्या त्या मादक पांढऱ्या बायका बेबी पावडरच्या होत्या. मला हे कळलं तेव्हापासून मी त्या चित्रांसमोर गंभीर राहू शकत नाही.

1925 मध्ये त्याला लेजियों दॉनर मिळालं. म्हणजे लाल फीत जुळली. फ्रान्सच्या वाटेला जुळलं. फ्रेंच झाला 1955 मध्ये, तेही जुळलं. मी दादाला फोन लावला, "मम आणि फुजिता." तो म्हणाला, "बरोबर, पण फूल कुठलं आणि भिंत कुठली?" म्हटलं, "रोझे, म्हणजे गुलाबी शॅम्पेनच्या टोपणावरचा गुलाब, आणि रँसचं चॅपल." "पूर्ण मार्क," म्हणाला आणि फोन ठेवला. दादाचं कोडं तिथे संपलं, माझं तिथून सुरू झालं. कारण उत्तर जुळणं आणि ते पटणं यात फरक असतो, आणि मला हे पटत नव्हतं की एका जपानी चित्रकाराला, जो जन्माने ख्रिश्चन नाही, आयुष्याच्या शेवटी शॅम्पेनच्या कंपनीकडून चर्च बांधून घ्यावंसं का वाटलं.

आधी गुलाबाचं सांगते, ते सोपं आहे. ममचा प्रमुख होता रने लालू (हो, लालूच, माझ्या बहिणीला हे नाव सांगितल्यावर ती पाच मिनिटं हसत होती). त्याची आणि फुजिताची दोस्ती झाली आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीला फुजिताने त्याच्या रोझेसाठी एक छोटा गुलाब रंगवून दिला, तो बाटलीच्या टोपणावर आला. शॅम्पेनच्या बुचावर तारेची जाळी असते आणि जाळीखाली पत्र्याची गोल चकती. आतला दाब मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, म्हणून तार हवी, आणि तार बुचात रुतू नये म्हणून चकती, ही युक्ती 1844 सालची. तार सोडवायला सहा अर्धे वेढे फिरवावे लागतात, हे नाशिकची स्पार्कलिंग वाईन उघडताना मोजून बघा, तिकडेही तेच आहे. त्या चकत्या जमवणारे लोक फ्रान्समध्ये ढिगाने आहेत, आपल्याकडे काडेपेट्यांची लेबलं जमवायचे तसे. आता इंच-सव्वा इंचाच्या गोलात चित्र बसवायचं म्हणजे काय असतं ते मला माहीत आहे, तिथे सावल्या चालत नाहीत, बारकावे चालत नाहीत, एक रेघ जास्त झाली की चिखल होतो. ज्या माणसाने आयुष्यभर न तुटणारी एकच रेघ काढली त्याच्यासाठी ही जागा अगदी बरोबर होती. आणि जी चकती उघडून फेकून द्यायची असते तिच्यासाठी आपलं काम द्यायला तो लाजला नाही, हे मला आवडतं.

भिंतीची गोष्ट मात्र सोपी नाही.

1930 च्या दशकात फुजिता पॅरिस सोडून दक्षिण अमेरिकेत हिंडला आणि 1933 मध्ये जपानला परत गेला. मग युद्ध आलं. सैन्याने चित्रकारांना कामाला लावलं आणि फुजिता नुसता कामाला लागला नाही, तो त्या सगळ्यांचा म्होरक्या झाला. केस बारीक कापले, दुधाळ पांढरा रंग बाजूला ठेवला, आणि मातकट, चिखलाच्या, रक्त सुकल्याच्या रंगात मोठमोठी युद्धचित्रं काढली. त्यातलं 1943 मधलं अत्तू बेटाचं चित्र. अलास्काजवळचं थंड, ओसाड बेट, तिथल्या अडीच हजारांवर जपानी सैनिकांपैकी जेमतेम काही डझन जिवंत राहिले, बाकीचे लढाईत मेले, आणि शेवटी उरलेल्यांनी संगिनी घेऊन अंगावर धावत जाऊन मरण पत्करलं. चित्रात कोण आपला कोण शत्रू ते कळत नाही, नुसता माणसांचा गुंता, उघडी तोंडं, पाती, आणि तळाशी प्रेतांच्या मध्ये, मन लावून बघितलं तर, बारकी जांभळी फुलं. हे चित्र प्रदर्शनात लावलं तेव्हा लोक त्याच्यासमोर हात जोडायचे, देवासमोर ठेवतात तसे पैसे ठेवायचे. सरकारला यातून लोकांनी मरायला तयार व्हावं असं हवं होतं. आज ते चित्र बघणाऱ्या कित्येकांना त्यात युद्धाचा शिसारी आणणारा चेहरा दिसतो. फुजिताला स्वतःला काय हवं होतं? मला वाटतं त्याला एक मोठं, गर्दीचं, युरोपातल्या जुन्या उस्तादांच्या तोडीचं चित्र काढायचं होतं आणि युद्धाने त्याला तो विषय फुकट दिला. हे म्हणणं कठोर आहे, पण कलाकार मंडळींना हा मोह नवीन नाही.

युद्ध हरल्यावर जपानच्या कलाजगताने सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडलं. बाकीचे शेकडो चित्रकार तेच करत होते, पण नाव याचं मोठं होतं, आणि परदेशात राहून आलेला, म्हणजे आधीच अर्धा उपरा. 1949 मध्ये त्याने जपान सोडलं, न्यूयॉर्कमार्गे 1950 मध्ये पॅरिसला आला, आणि पुन्हा कधीही जपानला गेला नाही.

आता गाव बघा कुठलं. रँस. फ्रान्सच्या राजांना मुकुट घालायचं गाव, आणि त्याच कॅथेड्रलवर 1914 च्या सप्टेंबरमध्ये जर्मन तोफा चालल्या, छप्पर जळलं, शिसं वितळून गटारीच्या दगडी तोंडांतून ओघळलं. चार वर्षं शहरावर मारा चालू होता आणि लोक शॅम्पेनच्या तळघरांत राहत होते, खडूच्या खडकात खोदलेल्या त्या बोगद्यांत शाळा भरायच्या, दवाखाने चालायचे, आणि वर गोळे पडत असताना द्राक्षं तोडायला माणसं जायची. मम घराणं तेव्हा जवळजवळ शंभर वर्षं रँसमध्ये होतं, पण फ्रेंच नागरिकत्व काही घेतलं नव्हतं. लागायचं ते फळ लागलं, सरकारने सगळी मालमत्ता शत्रूची म्हणून जप्त केली आणि युद्धानंतर विकून टाकली. दादाच्या ओळीतलं 'फ्रेंच झालो शेवटी' हे असं झालं होतं, तिच्या बाबतीत तरी त्यात स्वखुशी नव्हती. मला वाटतं लाल फीत बांधून फ्रेंच होता येत नाही हे मम मंडळींना तेव्हा कळलं असेल. आणि दुसऱ्या युद्धाच्या शेवटी जर्मनीने शरणागतीच्या कागदावर पहिली सही केली तीही याच गावात, 7 मे 1945 च्या पहाटे, स्टेशनजवळच्या एका शाळेत.

अशा गावात 1959 च्या उन्हाळ्यात फुजिता सँ-रेमीच्या जुन्या बॅसिलिकात गेला आणि तिथे त्याला काहीतरी झालं, साक्षात्कार म्हणा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॅथेड्रलमध्ये त्याने आणि त्याची बायको किमियो हिने बाप्तिस्मा घेतला. त्याने नाव घेतलं लेओनार, लिओनार्दो दा विंचीवरून, म्हणजे साक्षात्कार झाला तरी गुरू चित्रकारच. धर्मपिता झाला रने लालू, आणि धर्ममाता तेतांजे या दुसऱ्या शॅम्पेन घराण्यातली. धंद्यात एकमेकांचे स्पर्धक आणि इथे एकाच पोराचे आईबाप! पोर बहात्तर वर्षांचं. मग पुढे काही वर्षांनी ठरलं की चॅपल बांधायचं, जागा ममची, पैसा लालूचा, आणि रंगकाम फुजिताचं. नाव ठेवलं 'नोत्र-दाम-द-ला-पे', शांतीची माता.

पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे पॅरिसला गेले तेव्हा मी हट्टाने रँस गाठलं. पॅरिसहून फास्ट ट्रेनने पाऊण तास. कॅथेड्रलला बहीण म्हणाली हे बघून झालं की शॅम्पेन, पण मी तिला आधी शाँ-द-मार्स रस्त्यावर चालवत नेलं. एका बाजूला ममची मोठी वास्तू, आणि जवळच बागेत हे चॅपल, आपल्याकडच्या गावातल्या लहानशा देवळाएवढं, दगडी, साधं, बाहेरून बघितलं तर शतकानुशतकं तिथेच असावं असं. प्रत्यक्षात 1965-66 मध्ये बांधलंय. आत शिरलं की चारी बाजूंनी चित्रं अंगावर येतात, कुठे मोकळी भिंत म्हणून नाही. येशूचा जन्म, क्रूस, शेवटचं जेवण, सगळं आहे, आणि सगळ्या चेहऱ्यांना फुजिताचे ते मोठे, किंचित रुसलेले डोळे आहेत. क्रूसाजवळच्या गर्दीत त्याने स्वतःला आणि किमियोलाही उभं केलंय. आणि एका कोपऱ्यात द्राक्षांच्या घोसांमध्ये पिंपावर बसलेली मेरी, मांडीवर बाळ. देणगीदाराचा मान राखायचा म्हणजे असा राखावा, देवळातल्या देवीलाच पिंपावर बसवायचं.

मी तिथे सगळ्यात जास्त वेळ भिंतीला नाक लावून उभी होते (राखणदार बाईंनी दोनदा मागे व्हायला सांगितलं). कारण हे खरं फ्रेस्को आहे. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग लावायचा, गिलावा वाळायच्या आत. जेवढं आज रंगवून होईल तेवढाच गिलावा आज करायचा, दुरुस्ती नाही, खोडरबर नाही, चुकलं तर तेवढा तुकडा खरवडून काढायचा आणि पुन्हा गिलावा. चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंग त्या दगडात अडकतो. फुजिताने असं काम आधी कधी केलं नव्हतं. वय 79. 1966 च्या जूनमध्ये सुरू केलं आणि ऑगस्टअखेर संपवलं, रोज दहा-बारा तास पायाडावर उभं राहून, सुमारे दोनशे चौरस मीटर. आणि जवळून बघितलं की कळतं त्याने पांढरा रंग कुठे जवळजवळ वापरलेलाच नाही. मेरीचा चेहरा, बाळाचं अंग, देवदूतांचे पाय, जिथे जिथे पांढरं हवं तिथे त्याने भिंत तशीच सोडलीय. वर बारीक रेघ, आत नुसता चुना. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी ज्या पांढऱ्यासाठी तो गुपचूप पावडर चोळत होता, ती भानगड इथे राहिलीच नव्हती, ओल्या चुन्यावर पाण्यातली रेघ आपोआप बसते. मला त्या क्षणी साक्षात्कारापेक्षा ही गोष्ट जास्त पटली. एखाद्या म्हाताऱ्या कारागिराला आयुष्यभर ज्या पृष्ठभागाची नक्कल केली तो खरा मिळाला तर तो बारा तास उभा राहीलच.

बहिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "तू ना, सगळ्यात मटेरियल शोधतेस. बिचाऱ्याला पश्चात्ताप झाला असेल गं." झाला असेलही. अत्तूचं चित्र काढणारा माणूस तेवीस वर्षांनी शांतीच्या मातेचं चॅपल रंगवतो, कुणीही सरळ रेघ ओढेल. पण मी भिंती फिरून-फिरून बघितल्या आणि क्रूसाच्या चित्रातली गर्दी मला ओळखीची वाटली. तेच एकमेकांत गुंतलेले हात, तीच दाटी, तोच गुंता. अत्तूच्या चित्रात होता तो. म्हणजे त्याने हात बदलला नव्हता, विषय बदलला होता, आणि गर्दी रंगवायची त्याची हौस या वेळी कुणाच्या मरणाला उपयोगी पडणार नव्हती. याला पश्चात्ताप म्हणायचं का, ते मी ठरवू शकत नाही. बहीण ठरवू शकते, तिचा स्वभाव माझ्यापेक्षा चांगला आहे.

नंतर तळघर बघितलं, शेवटी ग्लास मिळाला, त्यात फीतवाली होती, गुलाबवाली नव्हती. रोझेची बाटली दुकानात बघितली, किंमत बघितली, टोपण बघितलं, ठेवली. बहीण म्हणाली घे, मी म्हटलं नको, दादाने विचारलं तर सांगता येईल की बघून आले, प्यायलेच पाहिजे असं कोड्यात नव्हतं.

चॅपल ऑक्टोबर 1966 मध्ये लोकांसाठी उघडलं आणि शहराला देऊन टाकलं. फुजिता जानेवारी 1968 मध्ये झुरिकच्या हॉस्पिटलात वारला. पुढे त्याचं दफन पॅरिसच्या दक्षिणेला व्हिलिए-ल-बाक्ल या खेड्यात होतं, जिथे त्याचं शेवटचं घर होतं, आणि 2003 मध्ये त्याला पुन्हा रँसला, या चॅपलमध्ये आणलं. किमियो त्याच्यानंतर चाळीस वर्षं जगली, 2009 मध्ये तीही तिथेच. त्याच्या कामाचे हक्क तिने फार कडक सांभाळले, त्यामुळे जपानमध्ये त्याची चित्रं छापणं आणि प्रदर्शनं भरवणं बराच काळ अवघड होतं, आता परिस्थिती पुष्कळ बदललीय, आणि पावडरच्या बायका व मांजरं बघायला टोकियोत रांगा लागतात.

दादाला मी परत आल्यावर म्हटलं, की तुझ्या कोड्यात एक जण राहिला. बाटली फ्रेंच झाली, माणूस फ्रेंच झाला, पण अत्तूच्या चित्राचं काय? युद्ध संपल्यावर अमेरिकनांनी जपानी सैन्यासाठी काढलेली चित्रं गोळा करून नेली, त्यातली 153 त्यांनी 1970 मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात पाठवली, त्यात फुजिताचीही आहेत. पण परत दिली असं कागदावर कुठेच नाही. 'बेमुदत उसनी' असं लिहिलंय, आणि संग्रहालय ती एकदम सगळी कधी लावत नाही, एका वेळी मोजकीच बाहेर काढतं. दादा बँकेतला, त्याला यातलं व्याजाचं काय ते आधी विचारायचं होतं.